बाळासाठी इलेक्ट्रिक झोका: बजेट, निवड आणि सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

नवी पेठेतल्या आमच्या दुकानात झोका बघायला आलेल्या घरातली सून मोबाइलमधलं मॉडेल दाखवते आणि सोबत आलेल्या आजी म्हणतात, "आमची लेकरं झोळीतच वाढली की!" दोघींचंही म्हणणं खरं असतं. हे प्रश्न आम्हाला रोज विचारले जातात. उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत, म्हणजे दुकानात यायच्या आधी घरात बसून नीट ठरवता येईल.

इलेक्ट्रिक झोका घ्यायलाच हवा का?

नाही. आधी बाळाला झोपायला सपाट, टणक गादीची सोय हवी. ती झालेली नसेल तर झोक्याचा विचार पुढे ढकला, पैसे तिकडे घाला. झोका असतो तो जागं असलेलं, कुरकुरणारं बाळ थोडा वेळ शांत राहावं म्हणून. घरात आजी, आत्या, मावशी अशी माणसं असतील तर बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही. पण नवरा शिफ्टला, सासर-माहेर लांब, सिझेरियनचे टाके अजून दुखतायत आणि बाळ खाली ठेवलं की रडतंय, अशा घरात झोक्याचे पैसे नक्की वसूल होतात.

बाजारात प्रकार कोणते आहेत आणि साधारण किती पैसे लागतात?

मुख्य प्रकार तीन. पहिला म्हणजे आपल्या नेहमीच्या झोळीला किंवा टांगत्या पाळण्याला जोडायची मोटर. ती साधारण अडीच ते पाच हजारांत मिळते. दुसरा, स्टँडवरचा ऑटोमॅटिक पाळणा. यात बाळ आडवं राहतं, बरोबर मच्छरदाणी आणि रिमोट येतो, किंमत सात-आठ हजारांपासून बारा-चौदा हजारांपर्यंत. तिसरा, खुर्चीसारखा मागे रेललेला झोका, ज्याला दुकानदार स्विंग किंवा रॉकर म्हणतात. तो सहा-सात हजारांपासून सुरू होतो आणि परदेशी कंपनीचा घेतला तर वीस हजारांच्याही पुढे जातो. मॉडेल आणि हंगाम बदलला की भाव बदलतात, म्हणून हे आकडे फक्त अंदाजासाठी.

मोटर नसलेला, हाताने किंवा पायाने हलवायचा बाउन्सर दीड ते तीन हजारांत येतो. ज्यांचं बजेट तेवढंच आहे त्यांना आम्ही तोच सुचवतो. स्वस्तातल्या मोटरीपेक्षा तो बरा.

बजेट ठरवायचं कसं?

झोका किती महिने वापरात राहणार, इथून हिशोब सुरू करा. खोक्यावर "नऊ किलोपर्यंत" किंवा "अकरा किलोपर्यंत" असं लिहिलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात सहा महिन्यांच्या मुलाचं मधलं वजन ७.९ किलो आणि मुलीचं ७.३ किलो आहे, वर्षाच्या मुलाचं ९.६. तक्ता बघून वाटतं की झोका वर्षभर चालेल. पण खुर्चीच्या झोक्यात बाळ स्वतः उठून बसायला धडपडू लागलं आणि आडव्या पाळण्यात ते पालथं पडू लागलं किंवा हातावर जोर देऊ लागलं, की वजन कितीही असो, वापर थांबवायचा. बहुतेक बाळांच्या बाबतीत ही वेळ चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या आसपास येते.

म्हणजे नऊ हजारांचा झोका पाच महिने चालला तर महिन्याला अठराशे रुपये पडले. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा आणि मग ब्लूटूथ, बारा गाणी, रंगीत दिवे यांचे जास्तीचे दोन हजार द्यायचे का ते ठरवा. आमचं मत विचाराल तर देऊ नका. हप्त्यावर तर झोका घेऊच नका. वापर संपला तरी हप्ते चालूच राहतात.

तीन हजारांच्या आसपास बजेट आहे. झोळीची मोटर घेऊ का?

घेता येईल, पण घरात टांगायची जागा कशी आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. स्लॅबमध्ये बांधकामाच्या वेळीच घातलेला लोखंडी हुक असेल तर उत्तम. जुन्या घरातल्या लाकडी तुळईला कडी असेल तर ती आधी सुताराकडून तपासून घ्या. पीओपीच्या छताला किंवा दाराच्या चौकटीला अडकवायचा विचारसुद्धा करू नका.

मोटर हातात घेतल्यावर स्प्रिंगच्या आतून साखळी किंवा जाड दोरी गेली आहे का ते बघा. स्प्रिंग तुटली तर झोळी त्या साखळीवर लटकून राहते, बाळ फरशीवर आदळत नाही. अशी साखळी नसलेली मोटर फुकट मिळाली तरी नको. स्प्रिंगवर आवरण हवं, नाहीतर मोठ्या भावंडाचं बोट किंवा बाळाचे केस वेटोळ्यात अडकतात.

झोळीबद्दल एक गोष्ट आजींनाही आम्ही हात जोडून सांगतो. लुगड्याच्या झोळीत बाळ कमानीसारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि कापड तोंडावर येतं. पूर्वी झोळीशेजारी सतत कुणीतरी बसलेलं असायचं, दोरी त्या माणसाच्याच हातात असायची. मोटर लावली की ते माणूस उठून जातं. खरा धोका तिथे आहे.

सात ते बारा हजारांत घ्यायचा आहे. पैसे कशावर खर्च करायचे?

आधी पट्टे बघा. खुर्चीच्या झोक्याला पाच ठिकाणी धरणारा पट्टा हवा: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक दोन पायांच्या मधून. नुसता कमरेचा पट्टा असेल तर बाळ खाली घसरतं. बकल लावल्यावर एका हाताने सहज उघडत असेल तर ते ढिलं आहे. पट्टा आवळल्यावर त्याच्याखाली एक-दोन बोटं जावीत, पूर्ण तळवा नव्हे.

मग पाया. आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत शहाबादी फरशी आहे आणि ती सगळीकडे सपाट नसते. चार पायांपैकी एक पाय अधांतरी राहिला की झोका प्रत्येक हेलकाव्याला टकटक करतो, हळूहळू सरकतो आणि स्क्रू ढिले होतात. रुंद पाया आणि खाली रबर असलेलं मॉडेल निवडा. घरी ठेवताना चारही पायांखालून कागद सरकवून बघा. जिथे कागद सहज जातो तिथे पाय टेकलेला नाही.

पाठ किती मागे जाते हेही बघायला हवं. मान न धरणाऱ्या बाळासाठी सीट सगळ्यात मागच्या स्थितीत ठेवावी लागते. किती उतार आहे हे डोळ्यांनी कळत नाही. मोबाइलमधलं लेव्हल दाखवणारं अ‍ॅप उघडून फोन पाठीच्या भागावर ठेवा, अंश समोर दिसतात. दोन मॉडेलमध्ये निवड करायची असेल तर नवजातासाठी जास्त आडवं जाणारं घ्या.

अ‍ॅडॉप्टरकडे फारसं कुणी बघत नाही, पण बिघाड बहुतेक तिथूनच सुरू होतात. त्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असावं, कारण ज्या भागात घराशेजारीच यंत्रमाग चालतात तिथे व्होल्टेज खालीवर होतं. भारतीय मानक ब्युरोचं नोंदणी चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही तपासा. शेवटचं म्हणजे कव्हर: सुती, काढता येणारं, धुता येणारं. बाळाची गुळणी दिवसातून अनेकदा होते आणि न निघणारं कव्हर आठवड्यात आंबूस वास मारतं.

पंधरा हजारांच्या पुढच्या झोक्यात असं काय असतं?

आवाज कमी, हालचालीचे प्रकार जास्त, कापड चांगलं, फोनवरून चालू-बंद. सुरक्षेच्या बाबतीत पैशाबरोबर सुरक्षा वाढतेच असं नाही. परदेशातल्या नामांकित कंपन्यांनाही माल परत मागवावा लागला आहे. फोरमॉम्स कंपनीने ऑगस्ट २०२२ मध्ये मामारू आणि रॉकारू हे झोके, मिळून वीस लाखांहून जास्त, परत मागवले. रिकाम्या झोक्याच्या खाली लोंबणाऱ्या पट्ट्यात रांगणारं बाळ अडकत होतं आणि त्यात एक मृत्यू झाला होता. म्हणून झोका कुठल्याही किमतीचा असो, वापर झाला की पट्टे बकलमध्ये अडकवून वर ठेवा आणि प्लग काढा.

बाळ झोक्यातच झोपलं तर झोपू द्यायचं का?

उचलून सपाट गादीवर, पाठीवर झोपवा. झोप मोडेल, रडेल, तरीही.

कारण असं आहे. लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मानेत जोर नसतो. अर्धवट बसलेल्या स्थितीत झोप लागली की डोकं पुढे कलंडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची नळी दबते. बाळ रडत नाही, धडपडत नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीत कळतही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०२२ च्या मार्गदर्शनात सपाट, टणक, उतार नसलेल्या जागेवर पाठीवर झोपवायला सांगितलं आहे आणि झोके, बाउन्सर, कारसीट या रोजच्या झोपेच्या जागा नव्हेत असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच वर्षी तिथे दहा अंशांहून जास्त उताराच्या, बाळाला झोपवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या उत्पादनांवर कायद्याने बंदी आली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये फिशर-प्राइसच्या स्नूगा मालिकेतल्या वीस लाखांहून जास्त झोक्यांबद्दल इशारा निघाला. २०१२ ते २०२२ या काळात पाच बाळांचे मृत्यू नोंदले गेले होते, आणि ते बाळांना झोपण्यासाठी झोक्यात ठेवलं असताना झाले. कंपनीने ग्राहकांना डोक्यामागची उशी आणि अंगाभोवतीचा मऊ आधार कापून, काढून टाकायला सांगितलं.

हे आपल्याकडे का सांगायचं? कारण सोलापुरात घरोघरी टॉवेल आणि चादरी आहेत, आणि बाळ एका बाजूला कलंडतंय म्हणून टॉवेलची गुंडाळी करून मानेशी लावायची सवय आहे. लावू नका. उशी नको, दुलई नको, चादरीची घडी नको. बाळ कलंडत असेल तर त्याचा अर्थ एवढाच की सीट अजून मागे घ्यायला हवी किंवा बाळ त्या झोक्यासाठी लहान आहे.

आडव्या ऑटोमॅटिक पाळण्यातही हालचाल बंद करून, समोर माणूस असतानाच डुलकी चालेल. रात्रभराची झोप त्यात नको.

दिवसातून किती वेळ ठेवावं?

एका वेळी वीस-तीस मिनिटं पुरे. बऱ्याच झोक्यांना टायमर असतो, तो लावाच. बाळ सतत एकाच बाजूने टेकून राहिलं तर डोक्याची मागची बाजू चपटी होते आणि मानेला, पाठीला कामच मिळत नाही. त्यासाठी जागं असताना पोटावर ठेवायचं: सुरुवातीला तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, आणि सात आठवड्यांपर्यंत हळूहळू वाढवत दिवसाला एकूण पंधरा ते तीस मिनिटं. समोर बसून बोला, गाणं म्हणा. आपल्या शहरात एकाच बाळाच्या कानावर मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांतली गाणी पडतात. झोक्यातल्या ठरावीक धुनेपेक्षा ती ऐकलेली केव्हाही चांगली. धून लावायचीच तर आवाज सगळ्यात कमी ठेवा, कारण स्पीकर बाळाच्या कानाजवळ असतो.

कितव्या दिवसापासून वापरता येतो? बारशाला तोच पाळणा सजवला तर?

कंपनीच्या पुस्तिकेत जन्मापासून लिहिलेलं असलं तरी दिवस पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं, कमी वजनाचं किंवा श्वासाचा त्रास झालेलं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. दूध उलटून येतं म्हणून झोक्यात ठेवावं, हा समजही काढून टाका. त्याने उपाय होत नाही.

बारशाला साधा पाळणाच घ्या. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याखालून द्यायचं असतं, ते मोटरच्या स्टँडमधून जमत नाही. शिवाय फुलांच्या माळा आणि फुगे फिरणाऱ्या भागात अडकतात.

लाइट गेली तर काय? आणि बिल किती येतं?

बिलाची काळजी नको. समजा अ‍ॅडॉप्टर ६ व्होल्ट, १ अ‍ॅम्पिअरचा आहे, म्हणजे ६ वॉट. रोज दोन तास चालला तर महिन्याला ०.३६ युनिट. अर्धा युनिटसुद्धा नाही.

लाइट जाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. मोठ्या सेलवर चालणाऱ्या मॉडेलचा खर्च विजेच्या कितीतरी पट पडतो, म्हणून रोज सेलवर चालवायचा झोका घेऊ नका. यूएसबीवर चालणारा घेतला तर मोबाइलची पॉवर बँक पुरते. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॉट-तास ऊर्जा असते. थोडी वाया गेली तरी पाच वॉटचा झोका चार-पाच तास सहज चालतो. काही पॉवर बँका कमी भार असला की आपोआप बंद होतात, त्यामुळे आपली पॉवर बँक दुकानात घेऊन या आणि लावून बघा.

दुकानातच आणखी एक तपासा: चालू झोक्याचा प्लग काढा आणि पुन्हा लावा. आपोआप जोरात सुरू होणारा झोका नको. बंद राहणारा किंवा हळू सुरू होणारा घ्या.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाळाला झोक्यात ठेवता येतं का?

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की जाड स्पंजाच्या सीटमध्ये बाळाची पाठ घामाने भिजते आणि घामोळं येतं. जाळीदार पाठ असलेलं मॉडेल थोडं महाग पडतं, पण हे पैसे द्यावेत. बाळ फेब्रुवारी ते मे या काळात होणार असेल तर नक्कीच. कूलरचा झोत थेट अंगावर नको, आणि कूलरचं पाणी सांडतं त्या बाजूला अ‍ॅडॉप्टरची वायर नको. मच्छरदाणी ताणून बसणारी, चेनची घ्या. सैल लोंबणारी बाळ ओढून तोंडावर घेतं.

दुकानात तपासणी कशी करायची?

रिकामा झोका सगळ्यांचाच छान हलतो. आमच्याकडे पाच किलो ज्वारीची पिशवी ठेवलेली आहे. ती सीटवर ठेवून, पट्टा लावून झोका निदान दहा मिनिटं चालवून बघतो. कमी ताकदीची मोटर दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला घरघरायला लागते, हेलकावा लहान होतो किंवा एका बाजूला जास्त जातो. मोटरच्या डब्यावर हात ठेवा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. दुसरीकडून घेणार असाल तरी आमच्या दुकानातली ही पद्धत वापरा, कोणताही चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही.

रिमोट असलेला घेऊ का?

घ्या, पण रिमोटच्या सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं असेल तरच. त्यातला नाण्यासारखा चपटा सेल मोठ्या भावंडाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम होते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी लगेच मोठ्या रुग्णालयात न्या, वाट बघू नका.

मी घरी शिलाईचं काम करते. मशीनजवळ झोका ठेवला तर चालेल?

ताई, नजरेच्या टप्प्यात ठेवा, पण मशीनच्या टेबलाला लागून नको. कात्री आणि सुया पडतात. दोन-तीन हात अंतर, बाळाचा चेहरा तुमच्याकडे, टायमर वीस मिनिटांवर. टायमर संपला की एक शिलाई कमी झाली तरी चालेल, उठून बाळाला बघायचं. घरात विड्या वळल्या जात असतील तर झोका दुसऱ्या खोलीत आणि बाळाजवळ दुसरं माणूस, कारण तंबाखूची धूळ बाळाच्या श्वासात जाता कामा नये.

ऑनलाइन स्वस्त मिळतो. तिथून घेऊ का?

किंमत कमी असेल तर जरूर. फक्त वॉरंटी कशावर आहे ते वाचा. बहुतेक वेळा ती फक्त मोटरवर असते, अ‍ॅडॉप्टर आणि पट्टे त्यात येत नाहीत. दुरुस्तीसाठी अख्खा झोका बाहेरगावी पाठवावा लागणार असेल तर तोवर बाळ बसायला लागलेलं असेल. खोक्यावर एमआरपी, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि आयात केलेला असेल तर कुठल्या देशात बनला हे छापलेलं असणं कायद्याने बंधनकारक आहे. नसेल तर माल घेऊ नका. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, बिल जपा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

नणंदेच्या घरचा जुना झोका मिळतोय. घ्यावा का?

अशी वस्तू कुटुंबात फिरावी असंच आम्हाला वाटतं, मग आमची एक विक्री कमी झाली तरी हरकत नाही. मूळ अ‍ॅडॉप्टर, सगळे स्क्रू आणि पुस्तिका आहे का विचारा. मॉडेलचं नाव आणि नंबर इंटरनेटवर टाकून तो परत मागवलेला तर नाही ना, हे बघा. पट्ट्याची शिवण उसवली असेल तर मोच्याकडून शिवून वापरू नका, तो झोका सोडून द्या. बाकी सगळं ठीक असेल तर कव्हर धुवा, उन्हात वाळवा, स्क्रू आवळा आणि ज्वारीची पिशवी ठेवून चालवून बघा. तुमचा वापर संपला की स्क्रू, रिमोट आणि पुस्तिका एका पिशवीत घालून स्टँडलाच बांधून ठेवा, रिमोटमधला सेल काढून टाका. पुढच्या घरी जाताना काही हरवत नाही.